सांदवाडीतल्या द्राक्षवेलीची राखण

महाराष्ट्रात द्राक्षाचे नाव निघाले की निफाड, दिंडोरी, तासगाव, नारायणगाव, सोलापूर हीच नावे पुढे येतात. गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या धानपट्ट्यातील गावाचा उल्लेख त्या ओघात होत नाही, आणि तो न होण्याला हवामानाचे सबळ कारण आहे. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तर निफाडच्या द्राक्षपट्ट्यातला पाऊस याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. शिवाय चहूकडे धानाच्या बांध्यांत साचलेले पाणी आणि जुने मालगुजारी तलाव यांमुळे पाऊस उघडल्यावरही हवेतला दमटपणा लवकर ओसरत नाही. अशा ठिकाणी द्राक्ष हे बाजारासाठी घेण्याचे पीक नव्हे. मात्र सांदवाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या घरामागच्या भाजीपाल्याच्या कुंपणबंद तुकड्यात, मांडवावर चढवलेली एखादी वेल जगते, वाढते आणि तिचे काम नेटाने केले तर घरापुरती फळेही देते. ही वेल रोगकिडींपासून कशी राखावी याचा विचार द्राक्षपट्ट्यातल्या बागायतदाराच्या वेळापत्रकावरून करता येत नाही, कारण तिथे प्रश्न एकरी उत्पन्नाचा असतो, तर इथे एकाच वेलीचा, आणि तिची फळे घरातली मुले हात न धुताच तोडून खातात या वस्तुस्थितीचा असतो.

मुळात द्राक्ष ही थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली वेल आहे. युरोपात शरद ऋतूत तिची पाने गळतात, वेल काही महिने झोपी जाते आणि हिरव्या पानावरच जगू शकणाऱ्या बुरशींना त्या काळात आधार उरत नाही. महाराष्ट्रात तशी नैसर्गिक विश्रांती मिळत नसल्याने वेल वर्षभर हिरवी राहते आणि तिच्यावरचे रोगही वर्षभर टिकून राहतात. या अडचणीवर इथल्या बागायतदारांनी दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलच्या सुमारास वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे मांडवावर पसरलेल्या जाड आडव्या फांदीपर्यंत, मागे घेतली जाते. हिला खरड छाटणी म्हणतात. ऑक्टोबरच्या सुमारास, त्या उन्हाळी काड्यांवर फळासाठी काही डोळे राखून जी छाटणी होते ती गोडी छाटणी. दख्खनमधल्या वेलीचा हा दुहेरी स्वभाव जुन्या प्रवाशांच्याही नजरेत भरला होता. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येत असल्याचे नोंदवले आहे. आजचा बागायतदार त्यांतला एकच बहर फळासाठी घेतो आणि दुसरा काडी तयार करण्यासाठी वापरतो. घरच्या वेलीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की छाटणी हा केवळ फळ आणण्याचा उपाय नसून रोग तोडण्याचाही पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण छाटलेली प्रत्येक रोगट काडी आणि खाली पडलेले प्रत्येक डागाळलेले पान उचलून जाळले तर पुढच्या हंगामाचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियाण्यासारखे सूक्ष्म कण, मोठ्या प्रमाणात घटतात. अंगणात एकच वेल असलेल्या माणसाला हे काम शेवटच्या पानापर्यंत करता येते. चार एकरांच्या मालकाला ते कधीच जमत नाही. घरच्या वेलीला लाभलेली ही मोठी अनुकूलता बहुतेक ठिकाणी वाया जाते, कारण छाटलेल्या काड्या कुंपणाला टेकवून ठेवल्या जातात आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांच्यावरचा रोग पुन्हा मांडवावर चढतो.

मुर्रीसारख्या गावात छाटणीची तारीख ही फवारणीच्या औषधापेक्षा अधिक निर्णायक ठरते. खरड छाटणीनंतर साधारण दीड ते अडीच महिन्यांच्या काळात काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या घडांची सूक्ष्म रचना ठरते. बागायतदार तिला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात, आणि तिला भरपूर ऊन लागते. पूर्व विदर्भात जूनच्या मध्यापासून आभाळ झाकोळू लागते, म्हणून इथे खरड छाटणी मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकावी लागते. ती मे महिन्यावर गेली तर वेल हिरवीगार दिसते, पण पुढे घड मोजके निघतात आणि दोष उगाच खताला किंवा रोपवाटिकेला दिला जातो. गोडी छाटणीचे गणित याच्या उलट आहे. मोसमी वारे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माघारी जात असले तरी बंगालच्या उपसागरात त्याच सुमारास उठणारी कमी दाबाची क्षेत्रे आंध्र-ओडिशामार्गे छत्तीसगड ओलांडून पूर्व विदर्भावर पाऊस आणतात, आणि त्या पावसात नुकत्याच उमललेल्या फुटी सापडल्या तर हंगाम तिथेच संपतो. नाशिक जिल्ह्यानेही हे सोसले आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने तिथल्या लवकर छाटलेल्या बागांचे अतोनात नुकसान केले. बाजारात आधी पोहोचण्यासाठी लवकर छाटणी करण्याचा मोह नाशिककरांना असतो, तसा तो घरच्या वेलीबाबत असण्याचे कारण नाही. त्यामुळे हलक्या धानाची कापणी चालू होते त्या सुमारास, ऑक्टोबरअखेरीस, आभाळ चांगले निवळल्यावरच कात्री हाती घेणे हिताचे ठरते. फळ मग मार्चमध्ये येते, थोडे कडक उन्हात येते, पण निरोगी येते.

या सावधगिरीमागे ज्या रोगाची धास्ती असते तो म्हणजे केवडा, ज्याला बागायतदार सर्रास डाऊनी म्हणतात. प्लाझ्मोपारा विटिकोला या सूक्ष्मजीवामुळे होणारा हा रोग वरून पाहता बुरशीसारखा वागत असला तरी त्याचे कूळ पाण्यातल्या शेवाळांच्या अधिक जवळचे आहे, आणि त्याची सगळी ताकद व सगळी मर्यादाही त्या एका गोष्टीत आहे: पानाच्या खालच्या बाजूस पाण्याचा पातळ थर काही तास टिकल्याशिवाय त्याचे पोहणारे बीजाणू पर्णरंध्रांतून आत शिरू शकत नाहीत. म्हणजे पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा पान किती वेळ ओले राहिले हा खरा प्रश्न आहे. पहाटेचे दव, मोरीवरून उडणारे पाणी, संध्याकाळी नळीने मांडवावर मारलेला फवारा, घराच्या भिंतीमुळे अडलेला वारा, या सर्वांचा हिशेब त्याच खात्यात जमा होतो. रोगाची पहिली खूण म्हणजे पानाच्या वरच्या बाजूस उमटणारा फिकट पिवळा, तेल सांडल्यासारखा डाग. दमट रात्र गेली की त्याच डागाच्या खाली पांढरी कापसासारखी वाढ दिसते. वाढ दिसत नसेल आणि शंका असेल, तर डागाचे पान ओलसर कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवावे. केवडा असेल तर सकाळी डागाच्या खालच्या बाजूस पांढरी लव उठलेली असते, आणि नसेल तर तो डाग उन्हाचा, औषधाचा किंवा अन्नद्रव्याच्या कमतरतेचा समजावा. ही परीक्षा बिनखर्चाची आहे, आणि ती न करता केलेल्या फवारण्यांपैकी कितीतरी निरर्थक असतात. पोंगा अवस्थेपासून, म्हणजे डोळा फुगून कोवळी फूट बाहेर पडते तेव्हापासून, मणी धरेपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. या काळात रोग थेट घडावर आला तर कळ्या तपकिरी होऊन झडतात, आणि तसा झडलेला घड कोणत्याही औषधाने परत येत नाही.

पान लवकर वाळावे यासाठी करायची कामे औषधाच्या दुकानातून आणता येत नाहीत. मांडव माणसाच्या डोक्याच्या वर, निदान सात फूट, असावा. सकाळचे ऊन पूर्वेकडून थेट पानांवर यावे. ओलांड्यावर वीतभर अंतराला एक नवी फूट ठेवून बाकीच्या कोवळ्या असतानाच बोटाने मोडाव्यात. पानाच्या बगलेतून निघणाऱ्या बगलफुटी आठवड्याला काढाव्यात. घडाभोवतीची दोन-तीन जुनी पाने मणी धरल्यानंतर काढून टाकावीत. मांडवाखाली उभे राहून पाहिले असता जमिनीवर उन्हाचे कवडसे विखुरलेले दिसत नसतील, तर वेल दाट झाली आहे असे समजण्यास हरकत नाही. जमिनीवर धानाच्या तणसाचा, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या काडाचा, थर दिला तर पावसाचे थेंब मातीसकट खालच्या पानांवर उडत नाहीत; मात्र या भागात वाळवी भरपूर असल्याने तो थर खोडापासून हातभर दूर ठेवणे आवश्यक आहे. युरियाची मूठ वेलीच्या बुंध्याशी टाकण्याची सवय मोडणेही याच कामाचा भाग होय, कारण जादा नत्राने वाढलेली लुसलुशीत फूट रोगाला आणि रस शोषणाऱ्या किडीला सारखीच आवडते.

पावसाळ्यातला मुख्य शत्रू मात्र केवड्याइतकाच, किंबहुना मुर्रीच्या पावसात त्याहून अधिक, करपा हा आहे. कोवळ्या पानांवर गर्द तपकिरी बारीक ठिपके येतात, त्यांचा मध्य वाळून गळतो आणि पानाला चाळणीसारखी छिद्रे पडतात. काडीवर काळपट कडांचे खोलगट खड्डे पडतात आणि शेंडा जळाल्यासारखा वाकतो. थेंबांच्या उडण्याने पसरणारा हा रोग पावसाळ्यात वाढलेल्या प्रत्येक नव्या फुटीवर येतो, म्हणून जूननंतर शेंडे खुडून नवी वाढ थांबवणे आणि पावसाआधी तयार झालेली पक्की काडी तेवढी राखणे हे शहाणपणाचे आहे. सप्टेंबरमध्ये जुन्या पानांच्या मागे नारिंगी पावडरीसारखा तांबेरा दिसतो. तो पाने लवकर गाळतो, पण छाटणी जवळ आलेली असल्याने घरच्या वेलीवर त्याची फार चिंता करण्याचे कारण नाही.

सांगली आणि नाशिक भागात अलीकडे काही बागायतदार वेलींच्या रांगांवर पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन घालू लागले आहेत. बागेसाठी तो लाखोंचा खर्च आहे. एका वेलीसाठी तो बांबूच्या कमानी आणि एका जाड पारदर्शक कागदाचा खर्च आहे. बाजू उघड्या ठेवून, पानांपासून दोन-तीन फूट वर बांधलेले असे छत पावसाचे पाणी पानावर पडूच देत नाही, आणि मग करपा व केवडा या दोन्ही रोगांचा मूळ आधारच जातो. गोंदियासारख्या पावसाच्या जिल्ह्यात घरच्या द्राक्षवेलीसाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते सर्वप्रथम या छतावर करावेत, औषधांवर नंतर. छताखाली भुरी थोडी वाढू शकते हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

भुरी हा रोग केवड्याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. तिला पानावर पाणी लागत नाही. उलट ढगाळ, कोरडी, साधारण २० ते २७ अंश तापमानाची हवा आणि दाट सावली तिला मानवते, म्हणून गोंदियाच्या डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा बाकी सर्व निवांत वाटते, तेव्हाच पानांवर व मण्यांवर राखेसारखा पांढुरका थर दिसू लागतो. सांदवाडीतल्या भेंडीवर किंवा भोपळ्यावर येणारी भुरी दिसायला तशीच असली तरी तिची बुरशी वेगळी असते आणि ती द्राक्षावर चढत नाही. त्यामुळे भोपळ्याचा वेल उपटून द्राक्ष वाचत नाही. मणी धरल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे सर्वांत नाजूक असतात, कारण त्या काळात सालीवर भुरी बसली तर साल ताणली जात नाही आणि आतला गर वाढताच मणी तडकतो. या रोगावर गंधकाइतके जुने आणि भरवशाचे औषध दुसरे नाही. १८४५ मध्ये इंग्लंडमधील मार्गेट येथे टकर या माळ्याने हा रोग युरोपात प्रथम पाहिला आणि गंधकाचा उपयोगही तिथेच सुरू झाला. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात पुरते, पण तापमान ३२-३३ अंशांच्या वर असताना ते मारल्यास पान व मणी भाजतात, म्हणून गोंदियात फेब्रुवारीच्या मध्यानंतर गंधक बंद करणेच योग्य. दुधाचे दहा टक्के द्रावण भोपळावर्गीय पिकांच्या भुरीवर प्रभावी ठरल्याचे ब्राझीलमधील वाग्नर बेतिओल यांनी १९९९ मध्ये दाखवले होते. द्राक्षावरही रोग नुकताच सुरू असताना, उघड्या उन्हात, त्याचा उपयोग होऊ शकतो, पण रोग मण्यांवर पसरल्यावर दुधावर विसंबणे धोक्याचे आहे.

केवडा व करपा यांवरचे घरी तयार करता येणारे औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या मुळांवरच्या किडीला तोंड देण्यासाठी फ्रान्सने अमेरिकन वेली आणल्या आणि त्यांच्याबरोबरच १८७८ च्या सुमारास केवडाही तिथे पोहोचला असे मानले जाते. बोर्दो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे किळसवाणे दिसणारे निळसर मिश्रण शिंपडले जाई. त्या वेलींची पाने मात्र हिरवी राहिल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आले, आणि १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केले. एक टक्का मिश्रणासाठी दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना लागतो. कोवळ्या फुटीवर दोन्ही निम्म्याने घ्यावेत. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत निम्म्या पाण्यात रात्रभर विरघळू द्यावे, कारण लोखंडी भांडे ते खाऊन टाकते. चुना वेगळ्या भांड्यात विझवून, गाळून उरलेल्या पाण्यात कालवावा आणि मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळावे. घासून चकचकीत केलेला खिळा त्यात मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे आणि तसे मिश्रण पान जाळील. खिळा स्वच्छ राहिला तर मिश्रण वापरण्याजोगे झाले. ते त्याच दिवशी संपवावे. हे औषध पानाच्या आत शिरत नाही, वर राहून नव्या बीजाणूंना अटकाव करते. म्हणून रोग दिसल्यानंतर नव्हे, तर पावसाची झड लागण्याच्या आधी, पानाच्या खालच्या बाजूस ते पोहोचवणे हेच त्याचे मर्म आहे. फुलोऱ्यात ते टाळावे, आणि घडात पाणी उतरू लागल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पारदर्शक होऊ लागल्यावर, ते पूर्ण बंद करावे. तांबे मातीत साचत जाते व गांडुळांना बाधते, तेव्हा हे औषध घरगुती व जुने असले तरी निरुपद्रवी आहे असे समजणे चूक आहे.

किडींच्या बाबतीत सांदवाडीची रचनाच पुष्कळ काही ठरवते, कारण इथे वेल एकटी नसते. मिरचीची पाने ज्यांच्यामुळे आकसतात ते फुलकिडे द्राक्षाच्या कोवळ्या पानांवर आणि मण्यांवरही येतात व मण्याच्या सालीवर खरबरीत डाग पाडतात. जास्वंदीच्या शेंड्यांना गोळा करणारा गुलाबी पिठ्या ढेकूण तोच आहे जो द्राक्षाच्या घडात शिरून कापसासारखा पुंजका करतो. म्हणून मिरचीचे वाफे आणि जास्वंदीचे झाड वेलीपासून दूर नेणे ही एक संरक्षणाचीच कृती आहे, आणि ते शक्य नसेल तर त्या झाडांवर लक्ष ठेवणे हे वेलीवर लक्ष ठेवण्याइतकेच गरजेचे आहे. पिठ्या ढेकूण गोडसर चिकटा सोडतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, आणि त्याच गोडीपायी मुंग्या त्याची राखण करून त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. त्यामुळे ढेकणाशी लढण्याचा रस्ता मुंग्यांवरून जातो: खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा थर दिला आणि मांडवाला इतर फांद्या टेकणार नाहीत अशी व्यवस्था केली, तर मुंग्या वर चढत नाहीत आणि उरलेले काम ढालकिडे करतात. खरड छाटणीनंतर खोडाची सुटी साल हाताने किंवा पोत्याच्या तुकड्याने घासून काढून जाळावी, कारण ढेकणाची अंडी आणि उडद्या भुंगेरा या दोघांचाही आसरा तीच असते. उडद्या हा तांबूस, चमकदार, तुरीच्या दाण्यापेक्षाही लहान भुंगा गोडी छाटणीनंतर फुगणारे डोळे पोखरतो, आणि एक डोळा गेला म्हणजे एक काडी व तिच्यावरचा घड गेला. पहाटे तो सुस्त असताना मांडवाखाली पांढरे कापड अंथरून काड्या झटकल्या की तो खाली पडतो व वेचून मारता येतो. मोठ्या बागेत अशक्य असलेला हा उपाय एका वेलीवर दहा मिनिटांचा आहे. खोडाशी लाकडाचा बारीक भुसा दिसला तर आत खोडकिडा आहे असे समजून छिद्रात तार घालून अळी मारावी आणि तोंड चिखलाने लिंपावे. बाकी रसशोषक किडींसाठी पावसाळ्याच्या सुरुवातीला जमवून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांचा पाच टक्के अर्क, म्हणजे दहा लिटर पाण्याला अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून गाळलेला, संध्याकाळी फवारला तर पुरे होतो.

फळ पिकू लागल्यावर राखणीचे स्वरूप बदलते. बुलबुल, साळुंक्या, पोपट आणि खारी दिवसा येतात, वटवाघळे रात्री येतात. मोहाचा फुलोराही याच काळात असल्याने फलभक्षी वटवाघळांचा वावर या भागात तेव्हा वाढलेला असतो. गांधीलमाश्या सहसा चिरलेल्या मण्यावर येतात आणि त्या वाटेने घड सडतो. प्रत्येक घडाला जुन्या सुती धोतराची किंवा मलमलीची सैल पिशवी बांधणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. नाशिकचे निर्यातदार बागायतदारही मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात. प्लास्टिकची पिशवी मात्र आत घाम धरते व घड कुजवते. पिशवी बांधण्यापूर्वी दाट घडातले काही मणी बारीक कात्रीने काढून विरळणी केली तर मणी एकमेकांना चिरडत नाहीत.

द्राक्षपट्ट्यातून रोप येते तेव्हा त्याच्याबरोबर फवारणीचे वेळापत्रकही येते, आणि तिथेच घरच्या वेलीचा खरा धोका सुरू होतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतल्या औषधांच्या अंशांवर लक्ष ठेवण्यासाठी अपेडा या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने ग्रेपनेट ही व्यवस्था उभारली आणि पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारखी संस्था मार्गदर्शनाला आहे, तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे युरोपात अडवली गेली. एवढी देखरेख असताना जे घडू शकते ते कोणतीही तपासणी नसलेल्या सांदवाडीत अधिक सहज घडते. लेबलवरची मात्रा एकरासाठी किंवा शंभर लिटरांसाठी लिहिलेली असते, घरच्या वेलीला दोन-तीन लिटर द्रावण पुरते, आणि मधले गणित बाटलीच्या झाकणाने केले जाते; यातून मात्रा चौपट-पाचपट होणे अवघड नाही. लेबलवरच्या चौकटीतला रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लाल आणि पिवळ्या खुणेचे औषध घराच्या दारात, विहिरीच्या काठी आणि मुलांच्या वावरात आणूच नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही विदर्भाच्या अगदी जवळची आठवण आहे, आणि ते लोक फवारणीत अनोळखी नव्हते. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जायला हवेत हा आकडा लेबलवर छापलेला असतो. तो पाळता येणार नसेल तर ते औषध वापरू नये, त्यात तडजोड नाही.

यातल्या बहुतेक त्रासाचे मूळ वाणाच्या निवडीत असते. थॉमसन सीडलेस, तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश, किंवा सोनाका या गोड, बिनबियांच्या जाती कोरड्या पट्ट्यासाठी आहेत आणि केवडा, भुरी व करपा या तिघांनाही त्या सहज बळी पडतात. बंगलोर ब्लू ही जाड सालीची, बिया असलेली, उग्र वासाची जात खाण्यात डावी असली तरी अमेरिकन वेलीचे रक्त तिच्यात असल्याने दमट हवेत पुष्कळ तग धरते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटाबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून काढलेली एआरआय-५१६ ही जातही बुरशीजन्य रोगांना चांगली तोंड देणारी आहे. मुर्रीच्या पावसात थॉमसन लावून दर आठवड्याला फवारत बसण्यापेक्षा यांपैकी एक लावणे आणि बिया थुंकणे केव्हाही बरे. लागवड झालेलीच असेल आणि पानावरचा डाग ओळखता येत नसेल, तर दुकानदाराला विचारून औषध आणण्याआधी डागाची चार-पाच पाने कोरड्या कागदी पाकिटात घालून गोंदिया जिल्ह्यातील हिवरा येथील कृषि विज्ञान केंद्रात दाखवावीत, आणि पाकिटावर शेवटचा पाऊस कधी झाला, छाटणी कोणत्या तारखेला केली आणि आजवर काय फवारले हे लिहावे. एवढ्या माहितीशिवाय पान पाहणाऱ्यालाही नक्की उपाय सांगता येत नाही.